गिअरबॉक्स गळतो आहे, पण कुठून?

सकाळी गाडी गेटबाहेर काढली की मागे फरशीवर तळहाताएवढा तपकिरी डाग उरतो. त्यावर मूठभर माती टाकली जाते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नवा डाग, पुन्हा माती. आठवड्याने घरातले कोणीतरी म्हणते, "जुनी गाडी आहे, थोडे तेल टपकणारच." हे वाक्य ऐकले की आम्हाला धास्ती वाटते. इंजिनचे तेल कमी झाले तर ते मोजायला काडी आहे, डॅशबोर्डवर लाल दिवा आहे. मारुती 800 सारख्या गाडीच्या गिअरबॉक्सला यांपैकी काहीच नाही. आतले दाते तेलात बुडून फिरतात आणि फिरता फिरता ते तेल वरच्या बेअरिंगवर उडवतात, एवढीच तिथली व्यवस्था. एकूण तेल दोन लिटरच्या आसपास. त्यातले अर्धे गळून गेले तरी गाडी मुकाट्याने चालते. ती कण्हायला लागते तेव्हा बेअरिंग गेलेले असते.

आपल्या वर्धा जिल्ह्यात या गाड्या अजून पुष्कळ घरांत आहेत. मारुती 800 डिसेंबर 1983 मध्ये रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचे उत्पादन थांबले. ओम्नी 2019 पर्यंत निघत होती. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण. म्हणजे शेवटच्या 800 चीही पंधरा वर्षे 2029 मध्ये भरतील. तरीही लोक त्या सांभाळून आहेत, आणि त्यात हौसेपेक्षा हिशेब जास्त आहे. मुलांची शाळा, सेवाग्रामच्या दवाखान्याच्या फेऱ्या, गिरडच्या दर्ग्याला वर्षातून एकदा, लग्नसराईत नागपूर, यासाठी हप्ते भरून नवी गाडी घ्यायची आणि वर व्याजाच्या व्यवहारात अडकायचे, हे अनेकांना नको असते. मग जुनी गाडी धड ठेवणे हाच मार्ग. समृद्धी महामार्ग जिल्ह्यातून गेल्यापासून एक नवी गोष्ट झाली आहे. हीच जुनी गाडी आता तासन् तास न थांबता एकाच वेगाने पळवली जाते, तीही मे महिन्यात, पारा 45 च्या वर असताना. कमी तेलाचा गिअरबॉक्स गावातल्या गावात निभावून नेतो. अशा रस्त्यावर नेत नाही.

पहिली गोष्ट, जे टपकते आहे ते काय आहे हे ओळखायचे. खाली जुना पांढरा पुठ्ठा रात्रभर पसरून ठेवावा आणि त्यावर चाकांच्या जागा पेनाने आखाव्यात, म्हणजे थेंब गाडीच्या कोणत्या भागाखाली पडला ते सकाळी कळते. नुसते पाणी असेल तर ते एसीचे आहे. उन्हाळ्यात त्याने घाबरणारे बरेच असतात. हिरवे किंवा गुलाबी पाणी रेडिएटरचे. काळे, पातळ, जळकट वासाचे ते इंजिन ऑइल. फिकट पिवळे, अगदी पातळ आणि चाकाच्या आतल्या बाजूला किंवा ब्रेकच्या डब्याखाली सापडणारे ते ब्रेक ऑइल. हे दिसले तर गाडी जागची हलवू नये, बाकी सगळे नंतर. गिअर ऑइल जाड असते, बोटांत चिकटते आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. एकदा हुंगले की विसरत नाही. जुने झाले की ते तपकिरी-काळे होते, पण वास जात नाही.

लाल तेल दिसले तर थोडे थांबावे. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत लाल तेल असते, पण बऱ्याच गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगमध्येही तेच तेल घालतात. क्लच असलेल्या गाडीखाली लाल थेंब असेल तर आधी स्टिअरिंगची डबी बघावी. आणि गाडी खरोखर ऑटोमॅटिक असेल तर हा लेख तिच्यासाठी नाही. त्या गिअरबॉक्सला तेलाचा दाब, तापमान आणि पातळी या तिन्हींचे वेगळे नियम आहेत. ते काम घरच्या अंगणातले नव्हे.

आता खरे काम. गिअरबॉक्स गळतो आहे हे कळले, तरी कुठून गळतो ते कळलेले नसते. इथेच निम्मे पैसे वाया जातात. तेल खाली वाहते आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे पसरते. म्हणून थेंब जिथून पडतो ती जागा बहुधा निर्दोष असते. ओलाव्याची सगळ्यांत वरची आणि सगळ्यांत पुढची जागा शोधायची. गिअरबॉक्सवर वर्षानुवर्षांची तेल-मातीची खिपली असते. ती डिझेल आणि तारेच्या ब्रशने खरवडून काढावी, कापडाने पुसावी, पूर्ण वाळू द्यावी. मग संशयाच्या जागांवर खडूची किंवा टाल्कम पावडरची पूड फुंकावी आणि गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी. पांढऱ्यावर तेलाची वाट स्पष्ट उमटते. काम फुकटचे आहे, पण त्याला एक सकाळ जाते. गॅरेजमध्ये गर्दी असते तेव्हा नेमकी हीच सकाळ कोणाकडे नसते. मग अंदाजाने एक सील बदलले जाते, आणि पंधरा दिवसांनी डाग तसाच.

हे सगळे गाडीखाली शिरल्याशिवाय होत नाही, म्हणून इथे आम्ही जरा सविस्तर बोलणार आहोत. गाडीसोबत मिळणारा जॅक पंक्चरचे चाक बदलण्यापुरता आहे. त्याच्या भरवशावर गाडीखाली डोके घालू नये. कोणीही, पाच मिनिटांसाठीही नाही. लोखंडी घोड्या विकत मिळतात, ओळखीच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी मागूनही मिळतात. त्या नसतील तर सागाचे किंवा बाभळीचे रुंद, सपाट ओंडके चालतात. विटा चालत नाहीत. सिमेंटचे पोकळ ब्लॉक तर मुळीच नाहीत, कारण ते आधी तडा न दाखवता एकदम फुटतात. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि मऊ पडते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर जॅक लावला तर तो तिरका होणारच. काम पक्क्या फरशीवर करावे किंवा जॅक आणि घोडीखाली जाड फळी घ्यावी. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये, किल्ली खिशात. गाडी घोड्यांवर बसली की बाजूने दोन्ही हातांनी जोराने हलवून बघावी. पडायची असेल तर तेव्हाच पडू द्यावी, आपण बाहेर असताना. काढलेले चाकही गाडीखाली आडवे सरकवून ठेवावे. आणि घरातला एक मोठा माणूस काम संपेपर्यंत तिथेच हवा. घरात कॉलेजात जाणारी मुलगी असेल तर तिला टॉर्च धरायला बोलवावे. पाना कोणता आणि कुठे फिरला हे बघत बघतच शिकले जाते, आणि पुढे ती गाडी तीही चालवणार आहे. लहान मुलांना मात्र त्या वेळी अंगणात येऊ देऊ नये.

दुरुस्तीत सगळ्यांत आधी बघायची जागा सहसा कोणी बघत नाही. बहुतेक गिअरबॉक्सच्या माथ्यावर एक छोटी टोपी किंवा नळी असते, आतली गरम हवा बाहेर जायला. पांदण रस्त्याच्या चिखलाने ती बुजते. मग गाडी तापली की आत दाब तयार होतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल बाहेर ढकलले जाते. ज्या गाड्या रोज शेतावर जातात त्यांच्या बाबतीत आम्ही आधी हीच टोपी साफ करायला सांगू. कित्येकदा गळती तिथेच संपते. खर्च शून्य.

त्यानंतर तेल सोडण्याचा खालचा प्लग. गेल्या वेळी तेल बदलताना तोच जुना वायसर पुन्हा लावला असेल तर तिथून पाझर असतो. नवा वायसर लावला की झाले. पण प्लग आवळताना भीम होऊ नये. गिअरबॉक्सचे आवरण ॲल्युमिनियमचे असते आणि प्लग लोखंडाचा. जोर जास्त लागला तर आटे आवरणाचे जातात, आणि शंभर रुपयांच्या आतले काम हजारांवर जाते. वेगमापकाची केबल जिथे गिअरबॉक्समध्ये शिरते तिथे एक रबरी रिंग असते. वीस वर्षांत ती लाकडासारखी कडक होते. एक बोल्ट काढून ती बदलता येते. गिअर टाकायचा दांडा आत शिरतो तिथले छोटे सीलही तसेच, फक्त जागा अडचणीची.

मोठी आणि नेहमीची गळती असते ती दोन्ही बाजूंच्या एक्सलच्या सीलची. एक्सल गिअरबॉक्समधून बाहेर येऊन चाकाला फिरवतो. तो जिथून बाहेर येतो तिथे रबराच्या ओठाचे सील असते. आपल्याकडे या सीलचे शत्रू दोन. एक म्हणजे वय आणि उष्णता. दुसरे म्हणजे सुतळी. कापूस आणि धान्याच्या पोत्यांची सुतळी, प्लास्टिकची दोरी रस्त्यावर पडलेली असते. ती फिरत्या एक्सलला गुंडाळली जाते आणि सरकत सरकत सीलच्या ओठात शिरून तो कापते. पऱ्हाटीच्या खुंटांवरून गाडी नेणाऱ्यांचे एक्सलचे रबरी बूट फाटतात ते वेगळेच. त्यातून बाहेर येते ते काळे, घट्ट ग्रीस. ते चाकाच्या आतल्या बाजूला सडा घातल्यासारखे उडालेले दिसते. त्याला गिअरबॉक्सची गळती समजू नये.

एक्सलचे सील घरी बदलता येते का? येते, पण ज्याने एकदा तरी उस्तादाच्या शेजारी बसून ते बघितले आहे त्यालाच. आधी तेल पूर्ण सोडायचे, चाक काढायचे, खालच्या आर्मचा बॉल जॉइंट सोडवून चाकाचा गुडघा बाहेर वळवायचा आणि एक्सलचे आतले टोक पहारीच्या हलक्या टेकूने बाहेर घ्यायचे. जुने सील उचकटताना त्याच्या बसण्याच्या खोबणीला ओरखडा पडू द्यायचा नाही. पडला तर नवे सीलही गळेल. जुने सील किती खोल बसले होते ते काढण्याआधी बघून ठेवावे. सीलवर मिलिमीटरमधले तीन आकडे कोरलेले असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. गाडीचे नाव सांगून सील आणण्यापेक्षा जुने सील खिशात घालून दुकानात जावे. नव्याच्या ओठाला गिअर ऑइल लावायचे, ते सरळ धरायचे आणि त्यावर लाकडाचा सपाट ठोकळा ठेवून हातोडीने सगळीकडून सारखे हलके ठोके द्यायचे. तिरके बसले की गेले. एक्सल परत घालताना त्याच्या खाचा सीलच्या ओठाला घासू नयेत, आणि शेवटी आतली रिंग खोबणीत बसल्याचा 'टक्' असा आवाज किंवा झटका जाणवला पाहिजे. बॉल जॉइंटचा बोल्ट ही जीवाची गोष्ट आहे. तो दोनदा तपासावा, आणि मनात शंका राहिली तर गाडी हळू चालवत नव्हे, मिस्त्रीला घरी बोलावून दाखवावा.

इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जोडले जातात त्या जोडाच्या तळातून तेल येत असेल तर पाने धुऊन ठेवून द्यावेत. ते इंजिनच्या मागच्या सीलचे आहे की गिअरबॉक्सच्या पुढच्या, हे वासावरून कळेल, पण दोन्हींसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. मिस्त्रीकडे जाताना आपण काय बघितले ते त्याला सांगावे, आणि क्लच प्लेटवर तेल पडले आहे का, हे उतरवल्यावर आपल्याला दाखवायला सांगावे. मजुरी आधी ठरवावी आणि काम झाल्याबरोबर द्यावी. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण आपण जुम्याच्या बयानात ऐकतो. गॅरेजमध्ये मात्र "पुढच्या आठवड्यात देतो" म्हणणाऱ्यांत आपलेच भाऊ बरेच असतात.

तेल भरण्याबद्दल. तेल सोडायचा प्लग उघडण्याआधी तेल भरायचा प्लग उघडून बघावा. तो गंजून अडकला असेल आणि खालचे तेल आधीच सोडलेले असेल, तर रिकाम्या गिअरबॉक्सची गाडी अंगणात अडकून पडते. सोडलेले तेल परातीत घेऊन बघावे. बऱ्याच गाड्यांच्या प्लगला लोहचुंबक असते, त्यावर राखाडी लुकण जमलेले दिसेल. ते वयानुसार ठीक आहे. चमचमत्या कपच्या किंवा दाताचा तुकडा निघाला तर प्रश्न गळतीच्या पुढे गेला आहे.

दुकानदार सवयीने "नव्वद नंबर" पुढे करतो. त्याला थांबवून गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले तेल मागावे. अशा छोट्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला सहसा 75डब्ल्यू-90 सारखे तेल आणि जीएल-4 हा दर्जा सांगितलेला असतो. जीएल-5 हा आकडा मोठा म्हणून तेल चांगले, असे नाही. त्यातली गंधकाची जादा मात्रा गिअर जुळवणाऱ्या पितळी रिंगांना मानवत नाही. ओम्नीच्या मागच्या डिफरन्शिअलला मात्र वेगळे, जीएल-5 तेल लागते. म्हणून ओम्नीवाल्यांनी दोन डबे वेगळे ठेवावेत. बोनेटमधून लांब नळी आणि नरसाळे लावून तेल भरायचे, भरण्याच्या छिद्रातून ते ओघळू लागले की पातळी झाली. पण ही पातळी गाडी चारही बाजूंनी सपाट असतानाच खरी. पुढचे तोंड घोड्यांवर असताना भरलेले तेल चुकीचे मोजले जाते. त्यामुळे चारही चाके सारखी उचलावी लागतात, किंवा गाडी खाली घेऊन सपाटीवर छिद्रात बोट घालून पुन्हा बघावे लागते. दुरुस्तीनंतर पन्नासेक किलोमीटरवर एकदा आणि महिन्याने एकदा बघितले म्हणजे पुरे.

काही जण यातले काहीच न करता गिअरबॉक्समध्ये जाड ग्रीस कोंबतात, किंवा बाहेरून सीलंट थापतात. तेलकट पृष्ठभागावर सीलंट चार दिवस टिकते. ग्रीस घातल्यावर गळती थांबते हे खरे, पण दाते ग्रीसमध्ये एकदा खड्डा पाडून घेतात आणि मग कोरडेच फिरतात. हे उपाय मुख्यतः गाडी विकायच्या आधी केले जातात, हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. इंजिनखाली स्टीम मारून धुऊन घ्यायचे, नवे जाड तेल भरायचे, आणि गिऱ्हाईक येईपर्यंत पुठ्ठा बदलत राहायचा. बाजारात धान्याच्या राशीत हात घालून आतली ओल बाहेर काढणाऱ्या प्रेषितांचा (स.) प्रसंग आपल्या मुलांनाही पाठ आहे. वर सुके आणि आत ओले ठेवणाऱ्या त्या व्यापाऱ्यात आणि पुठ्ठा लपवणाऱ्या आपल्यात आम्हाला फरक दिसत नाही. गाडी विकताना गळती सांगावी आणि तेवढी किंमत कमी घ्यावी. घेणाऱ्याच्या घरातही बायका-मुले त्याच गाडीतून प्रवास करणार आहेत.

परातीत जमलेले जुने तेल नालीत ओतू नये. आपल्या नाल्या शेवटी धाम, यशोदा आणि वणा या नद्यांकडेच जातात. 2016 च्या घातक कचऱ्याच्या नियमांत वापरलेले तेल मोडते. झाकणाच्या डब्यात भरून ते अशा गॅरेजमध्ये द्यावे जिथून जुने तेल उचलणारी गाडी येते. वाळवीसाठी खांबांना किंवा गुरांच्या जखमेला ते लावण्याची पद्धत अजून खेड्यात आहे. जनावर ती जखम चाटते आणि तेल पोटात जाते. रस्त्यावर सांडलेल्या तेलावर लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती टाकून ती झाडून उचलावी, नुसती पसरून ठेवू नये. पहिल्या पावसात त्याच जागी दुचाकी घसरतात, आणि वाटेतली त्रासदायक वस्तू दूर करणे हा आपल्याकडे ईमानचाच भाग मानला आहे.

हे काम उन्हाळ्यात फज्रनंतर सुरू करून दहाच्या आत आटोपावे. रमजानमध्ये ते काढूच नये. मध्येच नमाजची वेळ झाली तर हातांचा प्रश्न येतो. यंत्राचे तेल नापाक नाही, आणि नुसता तेलकटपणा राहून पाणी त्वचेवरून वाहत असेल तर वुजूला अडचण येत नाही. ग्रीस किंवा सीलंटचा थर मात्र पाणी त्वचेपर्यंत पोहोचू देत नाही, तो काढावाच लागतो, असे उलेमा सांगतात. म्हणून सुरुवातीलाच हातांना खोबरेल तेल चोळावे आणि नखे साबणाच्या वडीवर घासून त्यांत साबण भरून घ्यावा. काम झाल्यावर दोन चमचे खाद्यतेल आणि साखर हातांवर रगडून मग साबण लावला की बहुतेक सगळे निघते. पेट्रोलने हात धुऊ नयेत. सीलंट पेट्रोलनेही निघत नाही. ते वाळण्याआधी कापडाने पुसावे लागते, म्हणून सीलंटचे काम जोहरच्या अगदी तोंडावर काढू नये.